मस्कत ते सलाला, समुद्राकाठून

गुरुवार: मस्कत, सूर

जुलैचा दुसरा आठवडा, सकाळचे सात, कुरुमचा किनारा. समुद्राचं पाणी ३२.५ अंश सेल्सिअस. मामाने हात घातला, तसाच बाहेर काढला आणि म्हणाला, "अगं, हे कुणी तापवून सोडलंय की काय?"

मामा हर्णैचा. मिसरूड फुटायच्या आधीपासून दर्यावर. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी, बोट वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेली, त्यामुळे नातेवाइकांकडे जायचं तर याच दोन महिन्यांत. यंदा आमची पाळी होती. मी मस्कतजवळच्या खारं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पात काम करते, त्यामुळे समुद्राचं तापमान हा माझ्या दिवसातला पहिला आकडा. उन्हाळ्यात आत येणारं पाणी ३२-३३ अंशांचं. आणि गाडीने काही तासांवर, त्याच दिवशी, समुद्र चोविसावर असतो. हे मामाला सांगून पटलं नाही. "दर्या काय असा तुकड्या-तुकड्याने थंड होतो होय?" म्हणून त्याला दाखवायचं ठरवलं.

जुलै-ऑगस्टात अर्धं मस्कत गारव्यासाठी दक्षिण ओमानातल्या सलालाला धावतं. बहुतेक जण निझवा, हैमा, थुमरैत असा वाळवंटातला सरळ रस्ता धरतात, सुमारे हजार किलोमीटर. आम्ही जाताना समुद्राकाठचा लांबचा रस्ता घेतला आणि येताना तो सरळ रस्ता. बरोबर दोरी बांधलेली बादली, प्रयोगशाळेतला जुना थर्मामीटर, आणि गाडी चालवायला अमेय, ज्याला मामा अजून "जावईबापू" म्हणतो आणि अमेय अजून लाजतो.

सूरला संध्याकाळ झाली. इथलं पाणी ३०. मामाचं लक्ष पाण्यात नव्हतंच. १९५१ साली इथे बांधलेलं 'फतह अल खैर' हे गलबत किनाऱ्यावर ठेवलं आहे, त्याच्याभोवती तो फेऱ्या मारत होता. नाळ, कणा, फळ्यांचे सांधे, सगळं हात लावून पाहिलं. अशी गलबतं एका वाऱ्याने हिंदुस्थानच्या किनाऱ्याला, दुसऱ्याने आफ्रिकेला जायची आणि उलट्या वाऱ्याने परतायची. मलबारचं लाकूड आणून ओमानात जहाजं बांधायची, इतकं हे येणं-जाणं जुनं आणि नेमाचं. आपल्याकडे मान्सून म्हटला की आभाळ डोळ्यांपुढे येतं. खलाशाला तो समुद्राच्या पातळीवर दिसतो: कुठल्या महिन्यात वारा कुठून आणि पाण्याची ओढ कुठे.

शुक्रवार: रास अल हद्द, अश्खरा

पहाटे रास अल जिन्झला हिरवी कासवं पाहिली. अंडी घालून परत निघालेली एक मादी, वाळूत नांगर ओढल्यासारखा माग ठेवत पाण्याकडे. वाटाड्याने गप्प राहायला सांगितलं होतं, मामा पूर्ण वेळ काहीतरी पुटपुटत होता.

रास अल हद्द हे अरबस्तानचं अगदी पूर्वेचं टोक. इथे किनारा कोपरा घेतो. अलीकडे ओमानचं आखात, पलीकडे अरबी समुद्र. कोपरा ओलांडला आणि दहा-पंधरा मिनिटांत गाडीच्या काचेवर वारा आदळायला लागला. अमेयने वातानुकूलन बंद करून काच खाली केली. जुलैत, ओमानमध्ये, काच खाली! मस्कतला त्या वेळी ४३ होतं, इथे ३१. मामाने डोकं बाहेर काढलं, नाकाने दोन-तीनदा ओढून घेतलं आणि म्हणाला, "हा तर आपला वारा."

आपलाच. मादागास्करच्या बाजूने विषुववृत्त ओलांडून, केनियाच्या डोंगरांना घासून, सोमालियाच्या किनाऱ्यालगत वळून हा वारा अरबी समुद्रात शिरतो आणि तिरका येऊन कोकणावर आदळतो. जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर त्याचा गाभा सर्वांत वेगवान असतो. जॉन फाइंडलेटर या ब्रिटिश हवामानतज्ज्ञाने १९६९ मध्ये त्याची नीट मांडणी केली, म्हणून तो 'फाइंडलेटर जेट'. हर्णैला हा वारा समुद्रावरून थेट अंगावर येतो. इथे तो किनाऱ्याला समांतर धावतो, नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे. पुढची सगळी गोष्ट या एका फरकावर उभी आहे.

अश्खराच्या पुळणीवर मासेमारांच्या फायबरच्या होड्या ओळीने वर ओढलेल्या. समुद्र पांढरा, लाटांवर लाटा. या दिवसांत ओमानच्या या बाजूलाही छोट्या होड्या फारशा बाहेर पडत नाहीत, बंदी असो-नसो. एका खडपाच्या आडोशाला मामाने बादली टाकली, खेचली. थर्मामीटर: २४.

त्याने स्वतः हात घातला. मग पुन्हा घातला. मस्कतहून निघाल्यापासून पाणी साडेआठ अंशांनी उतरलं होतं.

"खालचं पाणी वर आलंय," तो म्हणाला. मी काही सांगायच्या आधी. खोल पाणी गार असतं हे त्याला खोलातून ओढलेल्या जाळ्याच्या स्पर्शावरून ठाऊक. कसं वर येतं, एवढंच त्याला हवं होतं.

ते मी वाळूत काठीने काढून दाखवलं. पृथ्वी फिरते, त्यामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं पाणी सरळ न जाता उजवीकडे कलतं. नॉर्वेचा नान्सेन १८९३ ते १८९६ आर्क्टिकच्या बर्फात जहाज अडकवून बसला होता, तेव्हा बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता उजवीकडे वीस ते चाळीस अंश कलून वाहतो असं त्याला दिसलं. एकमन या स्वीडिश तरुणाने त्याचं गणित मांडलं. वरच्या थराने खालच्याला ओढायचं, त्याने आणखी खालच्याला, प्रत्येक थर थोडा अधिक उजवीकडे. या सगळ्यांची बेरीज केली तर वरच्या काही दहा मीटर पाण्याची एकूण वाटचाल वाऱ्याला बरोबर काटकोनात निघते. आता ईशान्येकडे तोंड करून उभं राहा. उजवा हात आग्नेयेला, भर समुद्राकडे. म्हणजे ओमानच्या किनाऱ्याजवळचं ऊबदार पाणी सतत आत लोटलं जातं, आणि रिकामी जागा भरायला शंभर-दोनशे मीटर खालचं गार पाणी चढून येतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत, रोज.

मामाने वाळूतल्या रेघांकडे पाहिलं. "मग हर्णैला का नाही?"

कारण आपल्याकडे वारा किनाऱ्याकडे तोंड करून येतो. पुन्हा नद्यांचं आणि पावसाचं गोडं पाणी वर झाकणासारखं पसरतं. गार, प्राणवायू कमी असलेलं पाणी आपल्याकडेही किनाऱ्याच्या उथळ तळाशी सरकतं, फक्त वरून कळत नाही. गोव्यात कांदोळीसमोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक १९९७ पासून नियमित नमुने घेतात. पावसाळा सरताना तिथल्या तळाच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ संपलेला आढळतो. केरळकडे गेलं की हेच पाणी उघडं पडतं.

आणि अलीकडे मस्कतला गार पाणी का पोचत नाही? किनाऱ्याजवळचा प्रवाह या दिवसांत ईशान्येकडे वाहतो, पण रास अल हद्दला किनारा वळतो आणि प्रवाह वळत नाही. तो तसाच जमीन सोडून भर समुद्रात शिरतो. या झोताला त्या टोकाचंच नाव आहे. म्हणून कोपऱ्याच्या एका बाजूला हात भाजतो आणि दुसऱ्या बाजूला शहारतो.

शनिवार: वाळू, महूत, दुक्म

दिवसभर गाडी. सांगण्यासारखं सकाळचंच. अश्खराच्या पुढे शर्कियाची वाळू थेट समुद्रापर्यंत येते. उत्तर-दक्षिण पसरलेल्या शंभर मीटरपर्यंत उंच लांबच लांब टेकड्या, त्याही याच नैर्ऋत्य वाऱ्याने रचलेल्या. रस्त्यावर वाळूच्या जिभा आलेल्या, एक पिवळं यंत्र त्या ढकलत होतं आणि मागून वारा पुन्हा भरत होता. त्या चालकाला बहुधा चार महिने हेच काम.

महूतला पराठ्यात बटाट्याचे वेफर्स चुरडून घातलेली गुंडाळी आणि करक चहा. मामाला चहा आवडला, वेफर्सचा पराठा त्याने माझ्यासमोर सरकवला. दुक्मला मुक्काम. हॉटेलच्या खिडकीतून बंदराचे दिवे आणि रात्रभर वाऱ्याची शीळ.

रविवार: रास मद्रका

या प्रवासातली माझी आवडती जागा. काळेकभिन्न खडक, त्यांच्यामध्ये पांढऱ्या वाळूच्या पट्ट्या, आणि समुद्राचा रंग निळा नाही, शेवाळी हिरवा. खालून आलेलं पाणी नुसतं गार नसतं, नायट्रेट-फॉस्फेटने भरलेलं असतं. त्याला सूर्यप्रकाश मिळाला की सूक्ष्म वनस्पतिप्लवक असं फोफावतं की पाण्याचा रंग बदलतो. वास ओळखीचा होता, मामा म्हणाला, "बंदराचा वास येतोय, पण बंदर कुठाय?"

पाणी २१. बादली दोनदा टाकली, दोन्ही वेळा २१.

उपग्रहाच्या नकाशात या टोकापासून गार पाण्याचा एक पट्टा भर समुद्रात शेकडो किलोमीटर गेलेला दिसतो. जमीन जिथे समुद्रात घुसते तिथे किनाऱ्याचा प्रवाह सुटतो आणि गार पाणी आपल्याबरोबर आत नेतो. म्हणजे अरबी समुद्र थंड होतो तो फक्त काठाने नाही. काठावर वर आलेलं पाणी प्रवाह आणि भोवरे आत वाहून नेतात, आणि आत जेटच्या खाली वारा स्वतः पाणी घुसळतो. १९९४-९५ मध्ये अमेरिकी संशोधकांनी इथून दूर, भर अरबी समुद्रात, वर्षभर एक यंत्रांनी भरलेला तरंगता तराफा नांगरून ठेवला होता. त्यात दिसलं की हा समुद्र वर्षातून दोनदा तापतो आणि दोनदा निवतो. एप्रिल-मेमध्ये पृष्ठभाग सर्वांत गरम आणि गरम थर पातळ. पावसाळी वारा सुरू झाला की तो थर ढवळून साधारण ऐंशी मीटरपर्यंत जाड होतो आणि पृष्ठभाग गार पडतो. ऑक्टोबरात पुन्हा ऊब. आणि हिवाळ्यात ईशान्येचा कोरडा वारा पाण्याची वाफ नेतो, वरचं पाणी गार आणि जड होऊन बुडतं, आणि थर पुन्हा शंभर मीटरच्या घरात. दोन वेगळे वारे, निवण्याच्या दोन वेगळ्या रीती. उष्ण कटिबंधातल्या समुद्राने ऐन उन्हाळ्यात, सूर्य डोक्यावर असताना थंड व्हावं, हे मला आकडे रोज पाहूनही विचित्रच वाटतं.

दुपारी खडकांच्या आडोशाला भात आणि डब्यातलं सुकटाचं कालवण. सुकट मामाने हर्णैहून आणलेलं. मस्कत विमानतळावर ते पकडलं जाईल म्हणून मी घाबरले होते. कुणी विचारलंसुद्धा नाही.

जेवताना सोमालियाचा विषय निघाला, कारण मामाचा एक मित्र आफ्रिकेच्या फेऱ्या करणाऱ्या मालवाहू जहाजावर होता आणि तो म्हणायचा की जुलैत तिथे समुद्र जहाज ओढून नेतो. अतिशयोक्ती वाटली तरी फारशी नाही. सोमालियाचा प्रवाह नैर्ऋत्य मोसमात उत्तरेकडे वाहतो आणि ईशान्य मोसमात उलटा, दक्षिणेकडे. एवढा मोठा प्रवाह वर्षातून दोनदा दिशा पालटतो असं जगात दुसरीकडे सहसा दिसत नाही. १९६० च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत, १९६४ च्या पावसाळ्यात, जहाजांनी तो मोजला: पृष्ठभागावर सेकंदाला साडेतीन मीटरच्या आसपास, म्हणजे सुमारे सात नॉट. "आमची बोट भरलेली असेल तर एवढीच पळते," मामा म्हणाला. म्हणजे पूर्ण इंजिन लावून बोट जागच्या जागी! त्याच्या उत्तरेला पावसाळ्यात शेकडो किलोमीटर व्यासाचा एक भोवरा तयार होतो आणि वारा थांबल्यावरही काही काळ फिरत राहतो.

त्या मोहिमेनेच आपल्याकडे समुद्रशास्त्र रुजवलं. तिच्यातून पुढे १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली, जिचं मुख्यालय आज दोना पावलाला आहे. गोव्याला जाणाऱ्या मराठी पर्यटकांपैकी किती जण त्या इमारतीकडे वळून पाहतात, कोण जाणे.

सोमवार: शुवैमिया, हासिक, मिरबात

शुवैमिया ते हासिक हा रस्ता डोंगर कापून काढला आहे. एका बाजूला कडा, खाली समुद्र, वर वाळवंटातली कोरडी दरी. अमेय गप्प, मामा त्याहून गप्प. दर्यावर वादळात हसणारा माणूस घाटात दाराची मूठ धरून बसला होता.

इथून समोर हल्लानियात बेटं. सुलतानाने ती १८५४ मध्ये व्हिक्टोरिया राणीला देऊन टाकली होती, पक्ष्यांच्या विष्ठेच्या खतासाठी इंग्रजांना हवी होती; १९६७ मध्ये ओमानला परत मिळाली. या बेटांभोवती आणि मसिराच्या आखातात कुबड देवमासे राहतात. 'राहतात' हे महत्त्वाचं, कारण जगातले बाकीचे कुबड देवमासे ध्रुवाकडच्या थंड पाण्यात खातात आणि विणीसाठी उष्ण पाण्यात येतात. अरबी समुद्रातले कुठेच जात नाहीत. त्यांचं ताट पावसाळी वारा इथेच वाढतो. ओमानच्या किनाऱ्यालगत त्यांची संख्या शंभराहून कमी असल्याचा अंदाज आहे. मसिराच्या आखातात २०१७ मध्ये उपग्रहाची खूण लावलेली एक मादी अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली आणि तिथून दक्षिणेला केरळकडे गेली. मामाने हर्णैबाहेर असा मोठा मासा दोनदा पाहिलाय म्हणे. एकदा पाहून त्याच्या खलाशाने नारळ फोडला होता.

हासिकपासून मिरबातपर्यंतचा किनारा पाण्याखाली आणखी विचित्र आहे. पावसाळ्यात इथे केल्पची रानं उगवतात, तपकिरी समुद्री शैवालांची, जी एरवी थंड समुद्रांत सापडतात. सप्टेंबरनंतर पाणी तापलं की ती मरून किनाऱ्यावर येतात. आणि त्यांच्याच शेजारी, थोडं आडोशाला, प्रवाळ. थंड समुद्राची वनस्पती आणि उष्ण समुद्राचा प्राणी एका खाडीत, वर्षातून वाटून घेतलेल्या पाळीने. याच केल्पच्या खडकांत अबालोन नावाचा शिंपला होतो, इथे त्याला 'सुफैला' म्हणतात. पाणबुडे तो हिवाळ्याच्या तोंडाला थोडेच दिवस काढतात आणि किंमत ऐकून मामाने मला तो आकडा दोनदा रुपयांत करून सांगायला लावला.

मिरबातच्या धक्क्यावर बादली: २०.५. सगळ्या प्रवासातलं सर्वांत गार पाणी. धक्क्यावर जाळं विणत बसलेल्या दोघा म्हाताऱ्यांनी थर्मामीटर पाहायला मागितला. हिंदीचे चार शब्द त्यांना येत होते, अरबीचे चार मला. मामाला कोणतेच नाही, तरी पंधरा मिनिटांत तो त्यांच्या जाळ्याची गाठ बघत खाली बसला होता आणि तिघांचं काहीतरी चाललं होतं. तारली कधी येते विचारलं. खुणेनेच कळलं: हा वारा गेला की. धोफारमध्ये, म्हणजे सलालाच्या या प्रांतात, तारली किनाऱ्यावर वाळवून उंटांना आणि गाईंना घालतात. मामाला हे ऐकून राग आला. "तारली? उंटाला?"

मंगळवार: खोर रोरी, सलाला

मिरबात सोडलं आणि ताकाच्या अलीकडे आभाळ खाली आलं. अक्षरशः खाली: डोंगराचा वरचा अर्धा भाग नाहीसा. भुरभुर, काचेवर बारीक थेंब, रस्त्यावर चिखल, आणि सगळीकडे हिरवं. दोन तासांपूर्वी आम्ही उघड्या दगडात होतो.

खोर रोरीच्या काठी समहुरमचे अवशेष आहेत, धूपाच्या व्यापाराचं दोन हजार वर्षांपूर्वीचं बंदर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नाविकाच्या टिपणात या बंदराचा उल्लेख आहे आणि भडोचहून व मलबारहून आलेली जहाजं ऋतू उलटला की इथे हिवाळा काढायची, असंही. कापड, धान्य आणि तेल द्यायचं, धूप घ्यायचा. भारतीय घडणीची एक छोटी कांस्यमूर्ती इथल्या उत्खननात मिळाली आहे. दगडी तटावर उभं राहून मामाने बंदराचं तोंड पाहिलं. वाळूच्या बांधाने ते आता बंद आहे. "हे तोंड असतं तरी या महिन्यात कुणी आत शिरलं नसतं," हा त्याचा निकाल. बरोबरच. जुलैत या किनाऱ्याने ईशान्येकडे पळणारं पाणी डिसेंबरात उलटं, नैर्ऋत्येकडे वाहतं. त्या जहाजांना हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

सलालात रस्त्याच्या कडेला शहाळी, केळी, पपया. फांदीला टांगलेले केळीचे घड पाहून मामा खुलला. "हे गुहागर!" पण अर्ध्या तासात त्याची तक्रार सुरू: "पाऊस कधी पडणार?" हाच तर पाऊस, म्हटलं. सलालात वर्षाचा पाऊस सुमारे शंभर मिलिमीटर. दापोलीला एका चांगल्या दिवशी त्याहून जास्त पडतो.

इथे ढग आहे, पाऊस का नाही? उत्तर पुन्हा समुद्राच्या तापमानात. समुद्रावरून येणारी दमट हवा किनाऱ्याजवळच्या वीस-बावीस अंशांच्या पाण्यावर येते, निवते आणि तिच्यातल्या वाफेचं धुकं होतं. वर वाळवंटाकडची कोरडी, तापलेली हवा झाकण घालून बसलेली असते, त्यामुळे ढगाला वर चढता येत नाही. काही शे मीटर जाडीचा ढग धोफारच्या डोंगरात अडकतो आणि सहा-बारा आठवडे तिथेच राहतो. झाडांची पानं धुकं गाळून घेतात, थेंब खाली पडतात. डोंगरावर जमिनीत मुरणाऱ्या पाण्यात पानांवरून गळणाऱ्या या थेंबांचा वाटा मोठा आहे. खाली समुद्र गरम असता तर हे धुकं नसतं, ही हिरवळही नसती.

संध्याकाळी अमेयने आपला मुद्दा काढला. तो इंजिनिअर आहे, त्याला हिशेब लागतो. समुद्र गार म्हणजे वाफ कमी, वाफ कमी म्हणजे कोकणात पाऊस कमी? सरळ असंच नाही, कारण आपल्या पावसाची बरीच वाफ विषुववृत्तापलीकडून येते. पण दिशा बरोबर आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असं दिसलं की सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यावर मोसमाच्या तोंडाशी गार पाणी कमी वर आलं, तर पश्चिम अरबी समुद्र ऊबदार राहतो, बाष्पीभवन वाढतं आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पाऊस वाढतो. म्हणजे जो वारा पाऊस आणतो, तोच वाटेत समुद्र गार करून त्या पावसाला लगामही घालतो. बंगालच्या उपसागरात हा लगाम ढिला असतो. गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं, हलकं पाणी वर पसरलेलं, वाऱ्याला खालचं पाणी सहज ढवळता येत नाही, पृष्ठभाग पावसाळाभर अठ्ठावीस अंशांच्या आसपास राहतो. म्हणून कमी दाबाचे पट्टे एकामागून एक तिकडे जन्मतात आणि विदर्भापर्यंत येतात. एकाच वाऱ्याचे दोन समुद्र, दोन स्वभाव.

मामा हे ऐकत शहाळ्याची मलई खरवडत होता. "म्हणजे हर्णैला कमी पडला तर दोष या लोकांचा?"

बुधवारी मुगसैलला गेलो. लाटा खडकाखालच्या भेगांतून उसळून वीस-तीस फूट उडत होत्या, कठड्यामागे शे-दोनशे माणसं ओरडत होती, त्यातला बराच आवाज मराठीत. त्याहून अधिक लिहिण्यासारखं नाही.

गुरुवार: थुमरैत, हैमा

परत. सलालाहून घाट चढताना दिवे लावून, पुढची गाडी दिसत नाही अशा धुक्यात. डोंगरमाथा ओलांडला आणि धुकं भिंत कापावी तसं संपलं. गाडीतल्या पडद्यावर २४ चा आकडा ३५, ३८ झाला, थुमरैतला ४१. मामाने स्वेटर काढून पायाशी टाकला.

मग निसर्ग वादळाचा विषय. ३ जून २०२० ला ते कोकणावर आलं तेव्हा मामाच्या वाडीतली पोफळी आणि माड आडवे झाले, घराचे पत्रे उडाले. त्याला एकच विचारायचं होतं, या पावसाळी वाऱ्यात एवढा जोर असतो तर वादळं जुलैत का होत नाहीत? मे-जूनला होतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरला होतात. ओमानचंही तसंच: २००७ मध्ये गोनू जूनच्या सुरुवातीला, २०१८ मध्ये मेकुनू मेच्या शेवटी इथेच सलालाजवळ. मोसम ऐन भरात असताना वर आणि खाली वाऱ्याच्या दिशा उलट्या असतात, खाली पश्चिमेचा, वर पूर्वेचा. वादळ उभं राहायला लागलं की ते या दोघांत फाटतं. शिवाय समुद्र निवलेला असतो, त्याला पुरेसं इंधन नसतं. मोसमाच्या आधी आणि नंतर समुद्र तापलेला आणि वारे सैल, तेव्हा धोका.

"मग ऑक्टोबरला गरम झाला की मला सांग. तुझ्याकडे आकडे येतातच," मामा म्हणाला. त्याला मस्कतच्या आकड्याचा हर्णैला उपयोग नाही हे अमेयने समजावून पाहिलं. हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र मासेमारांसाठी लाटांचे आणि मासळीच्या संभाव्य क्षेत्रांचे अंदाज देते, ते फोनवर कसे घ्यायचे हे दाखवलं. मासळीची क्षेत्रं उपग्रहाने मोजलेलं समुद्राचं तापमान आणि पाण्याचा रंग पाहूनच काढलेली असतात. मद्रकाचं हिरवं पाणी आठवून मामाला ते लगेच पटलं. १ ऑगस्टला बोट पाण्यात उतरवायची होती, त्याच्या आत जाळ्यांची दुरुस्ती.

हैमाला पेट्रोल भरलं, मटणभात खाल्ला. बाहेर ४४. पुढचे पाचशेहून अधिक किलोमीटर सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना सपाट खडी आणि मागच्या सीटवर मामाचं घोरणं.